मार्क आणि लिरा: १४८ पासून ९९० पर्यंत (जुने दर, हिशेब, आणि उरलेल्या नोटांचं काय करायचं)

खतावणी

जर्मन मार्क आणि इटालियन लिरा यांच्या दरावर इथे अधूनमधून चर्चा होते आणि दर वेळी तोच घोळ होतो. एक जण ९९० म्हणतो, दुसरा ७४८ काढतो, तिसरा ८०२ वर अडून बसतो. तिघेही बरोबर असू शकतात, कारण हे एकाच वस्तूचे भाव नाहीत. सरकारांनी आपसांत ठरवलेला मध्यवर्ती दर निराळा, बाजारात रोज हलणारा भाव निराळा आणि १ जानेवारी १९९९ ला कायमचा गोठवलेला रूपांतर दर आणखी निराळा. कुठला कशाला वापरायचा हे एकदा एका जागी लिहून ठेवू.

आधी सांगाडा. एका मार्काला किती लिरा, ते पाहा.

१९४९ नंतर डॉलरला ६२५ लिरा आणि ४.२० मार्क, म्हणजे मार्काला साधारण १४८.८ लिरा. मार्च १९६१ मध्ये मार्क महाग होऊन डॉलरला ४.०० झाला, तेव्हा १५६.२५. ऑक्टोबर १९६९ मध्ये ३.६६ झाला, तेव्हा १७०.८. डिसेंबर १९७१ च्या स्मिथसोनियन करारात लिरा ५८१.५० आणि मार्क ३.२२२५, म्हणजे १८०.५.

इथपर्यंत दर डॉलरमार्फत निघतो. मधली काही वर्षं बाजाराच्या लहरीवर गेली. मार्च १९७९ मध्ये युरोपीय चलन प्रणाली आली आणि थेट द्विपक्षीय मध्यवर्ती दर सुरू झाले:

मार्च १९७९: ४५७.३१४
जानेवारी १९८७: ७२०.६९९
जानेवारी १९९०: ७४८.२१७
१४ सप्टेंबर १९९२: ८०२.४८८
२५ नोव्हेंबर १९९६: ९९०

१९७९ आणि १९८७ च्या मधे अनेक फेरबदल झाले, ते सगळे इथे देत नाही. पण १८० वरून ४५७ ही उडी प्रणाली सुरू व्हायच्या आधीच झाली होती, हे लक्षात असू द्या. फेब्रुवारी १९७३ मध्ये लिरा युरोपीय ‘सापा’तून (चलनांचे दर एकमेकांना बांधून ठेवणारी आधीची व्यवस्था) बाहेर पडला, वर्षाअखेरीस तेलाचा भडका उडाला आणि त्या काही वर्षांत लिराची खरी घसरगुंडी झाली.

---

तिरका_बाण

उत्तम धागा. एक शंका आहे. सप्टेंबर १९९२ चं अवमूल्यन सगळीकडे ‘७ टक्के’ म्हणून छापलं जातं. तुमच्या आकड्यांवरून ७४८.२१७ चे ८०२.४८८ म्हणजे ७.२५ टक्के होतात. उलट बाजूने काढलं तर ६.७६. मग ७ आले कुठून?

---

दशांश

ते ७ कुठल्याच बाजूने निघत नाहीत, कारण ती बेरीज आहे. निर्णय असा होता की लिरा ३.५ टक्के खाली आणि बाकी सगळी चलनं ३.५ टक्के वर. इटलीची अब्रू राखायला ही विभागणी बरी दिसते. गुणाकार करा: १.०३५ भागिले ०.९६५ = १.०७२५४. त्याला ७४८.२१७ ने गुणलं की ८०२.४९.

जुलै १९८५ चा फेरबदलही याच धाटणीचा. लिरा ६ टक्के खाली, बाकीचे २ टक्के वर. वर्तमानपत्रात ८ टक्के, द्विपक्षीय दरात १.०२/०.९४, म्हणजे ८.५ टक्के. ठरलेला फेरबदल जितका मोठा, तितकं हे अंतर वाढतं. जुन्या बातम्यांतले टक्के एकापाठोपाठ जोडून मध्यवर्ती दर काढायला गेलात तर दोनतीन पायऱ्यांतच हिशेब भरकटतो. टक्के घेऊ नका, छापलेला दर घ्या.

अवांतर: त्याच १९ जुलै १९८५ च्या शुक्रवारी मिलानमध्ये दिवसाचा डॉलरचा दर २,२०० लिराला ठरला, जेमतेम काही तासांपूर्वी तो १,८५० च्या आत होता. एनी या सरकारी तेल कंपनीची १२.५ कोटी डॉलरची खरेदी अगदी दर ठरण्याच्या वेळेला येऊन पडली होती. पातळ बाजारात एक मोठा ग्राहक काय करू शकतो याचा नमुना म्हणून हा दिवस अजून सांगितला जातो. १९८५ ची दैनिक मालिका वापरणाऱ्यांनी तो एक बिंदू वगळून सरासरी काढावी.

---

मोडीवाचक

खतावणींच्या तक्त्यात जानेवारी १९९० ची ओळ निरुपद्रवी दिसते, पण पुढच्या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे.

पट्टा म्हणजे मध्यवर्ती दराच्या वर-खाली भावाला हलायची मुभा. तोवर लिराला ६ टक्क्यांचा रुंद पट्टा होता, बाकी बहुतेकांना २.२५. जानेवारी १९९० मध्ये इटलीने अरुंद पट्टा स्वीकारला आणि त्याच वेळी मध्यवर्ती दर ७२०.६९९ वरून ७४८.२१७ केला. वरवर पाहता हे अवमूल्यन. प्रत्यक्षात पट्ट्याची लिरासाठी कमकुवत कड होती तिथेच राहिली: ७६५.४० लिरा. फक्त महाग बाजूची जागा कापली गेली. म्हणजे बाजाराला संदेश असा, की आम्ही आता याहून खाली जाणार नाही आणि हलायलाही फारशी जागा ठेवत नाही.

जागा कमी केली, पण महागाई तशीच राहिली. इटलीत भाव जर्मनीपेक्षा वेगाने वाढत होते आणि दर मात्र खिळलेला. दर वर्षी दोनतीन टक्के स्पर्धाशक्ती झिजत गेली की काही वर्षांत ती कसर एकदम भरून काढावी लागते. त्यात जर्मनीचं एकीकरण. १ जुलै १९९० ला पूर्व जर्मनीचे पगार एकास एक मार्कात बदलले. बचतही वयानुसार २,०००, ४,००० किंवा ६,००० पर्यंत एकास एक आणि त्यावरची दोनास एक. जर्मनीत खर्च आणि महागाई दोन्ही वाढली आणि १६ जुलै १९९२ ला बुंडेसबँकेने (जर्मनीची मध्यवर्ती बँक) डिस्काउंट दर ८.७५ टक्के केला. तिच्या दृष्टीने योग्य निर्णय, लिराच्या दृष्टीने फास.

---

राईनकाठ

यातली बंधनं नीट मांडायला हवीत, नाहीतर ‘जर्मनीने मदत केली नाही’ एवढंच उरतं.

नियम असा होता: दर पट्ट्याच्या कडेला टेकला की दोन्ही मध्यवर्ती बँकांनी अमर्याद हस्तक्षेप करायचा. बुंडेसबँकेने मार्क विकून लिरा घ्यायचे, इटलीनेही तेच करायचं. इटलीकडे मार्क नसतील तर ते अतिअल्प मुदतीच्या सोयीतून उधार मिळत. ते देणं एक्यूत (युरोपीय चलनांच्या टोपलीवर बेतलेलं हिशेबी एकक) नोंदलं जाई आणि फेडावं लागे. पुढे लिरा पडला की त्याच कर्जाला जास्त लिरा मोजायचे, म्हणजे बचाव जितका लांबवाल तितका तोटा मोठा.

बुंडेसबँकेची अडचण दुसरी. विकलेला प्रत्येक मार्क जर्मन बँकांत येऊन पडतो आणि पैशाचा पुरवठा वाढतो. महागाई रोखायला व्याज वाढवायचं आणि मागच्या दाराने मार्क ओतायचे, हे एकत्र चालत नाही. म्हणूनच नोव्हेंबर १९७८ मध्ये, प्रणाली सुरू व्हायच्या आधीच, बुंडेसबँकेचे अध्यक्ष ओटमार एमिंगर यांनी बॉन सरकारला पत्र लिहून गरज पडल्यास हस्तक्षेप थांबवण्याची मुभा मागून ठेवली होती. करारात ‘अमर्याद’ लिहिलेलं आणि खालच्या खणात हे पत्र. १९९२ मध्ये त्याचा अर्थ कळला.

---

अर्धविराम

इटलीने व्याजदर १५ टक्क्यांवर नेले होतेच ना? ते कमी पडले कसे?

---

दशांश

कारण १५ टक्के हा वर्षाचा दर आहे आणि अवमूल्यन एका रविवारी होतं. वर्षाला १५ म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. महिन्याभरात लिरा ५ टक्के पडेल असं एखाद्याला वाटत असेल, तर त्याला लिरात थांबवायला महिन्याला ५ टक्के, म्हणजे वर्षाला ६० टक्क्यांच्या पुढे व्याज द्यावं लागेल. त्यातही मार्कावर मिळणारं व्याज तो सोडतोय, ते वेगळंच. आठवड्यात पडेल असं वाटत असेल तर आकडा शेकड्यांत जातो. १६ सप्टेंबरला स्वीडनने एका रात्रीसाठी ५०० टक्के लावले ते वेडेपणा म्हणून नव्हे, गणितच तसं आहे.

इटलीला हे शक्य नव्हतं, कारण सरकारी कर्ज वर्षाच्या उत्पन्नाहून मोठं आणि त्यातला बराच भाग कमी मुदतीचा किंवा बदलत्या व्याजाचा. व्याज वाढवलं की तुटीचा आकडा त्याच महिन्यात वाढतो, तो बघून बाजार आणखी घाबरतो. जुलैमध्ये आमातो सरकारने लोकांच्या बँक ठेवींवर रातोरात हजारी ६ कर कापून घेतला होता. असं केल्यावर ठेवीदार लिराकडे कसं बघणार?

पुढचा क्रम सगळ्यांना माहीत आहे. १३ सप्टेंबरच्या रविवारी वाटाघाटी झाल्या, सोमवारी नवा दर आणि बुंडेसबँकेची किरकोळ कपात (लोम्बार्ड, म्हणजे बँकांना तारणावर कर्ज देण्याचा दर, ९.७५ वरून ९.५०). बुधवारी पौंड बाहेर आणि गुरुवारी १७ तारखेला लिरा प्रणालीतून स्थगित. ८०२.४८८ हा मध्यवर्ती दर चार दिवसही पुरता टिकला नाही. त्यामुळे १९९२ च्या कुठल्याही व्यवहाराला तो लावू नका. तो कागदोपत्री दर आहे, बाजारभाव नव्हे.

---

खतावणी

+१. ९९० बद्दल थोडं. १९९५ च्या वसंतात बाजारात मार्काला १,२०० च्या वर लिरा पडत होते, तिथून लिरा हळूहळू सावरला. २४ नोव्हेंबर १९९६ ला लिराला प्रणालीत परत घेण्यासाठीच्या ब्रुसेल्सच्या बैठकीत इटलीला हजाराच्या आसपासचा स्वस्त लिरा हवा होता, समोरच्यांना महाग. त्या काळात इटालियन माल जर्मन आणि फ्रेंच कारखानदारांच्या डोळ्यांत खुपत होता, म्हणून हा आग्रह. कोषागार मंत्री चाम्पी होते, १९९२ मध्ये हेच बांका दि’इतालियाचे (इटलीची मध्यवर्ती बँक) गव्हर्नर. ९९० वर तडजोड झाली. तोवर पट्टा १५ टक्क्यांचा झाला होता (ऑगस्ट १९९३ पासून), त्यामुळे परत येणं १९९० पेक्षा सोपं होतं.

मे १९९८ मध्ये पुढे वापरायचा द्विपक्षीय दर जाहीर झाला: १०० मार्काला ९९,०००.२ लिरा. आणि ३१ डिसेंबरला युरोचे दर ठरले: १ युरो = १.९५५८३ मार्क = १,९३६.२७ लिरा.

भागाकार केलात तर ९८९.९९९ येतात, ९९०.००२ नाही. सहा अंकांत बसवताना एवढं इकडेतिकडे होतं. १९९९ नंतरच्या हिशेबाला यातला कुठलाच आकडा लावायचा नसतो. दशांश, नियम तुम्हीच लिहा.

---

दशांश

१९९७ चा युरोपीय नियम क्र. ११०३, कलम ४ आणि ५. थोडक्यात:

रूपांतर दर सहा सार्थ अंकांचा, तो पूर्ण वापरायचा. १.९५५८३ चा १.९६ करायचा नाही.

उलटा दर वापरायचा नाही. लिराचे युरो करायचे तर १,९३६.२७ ने भागायचं. ०.०००५१६४५७ ने गुणायचं नाही. १० कोटी लिरा घ्या: भागाकाराने ५१,६४५.६९ युरो, सहा अंकी उलट्या दराने ५१,६४५.७०, पाच अंकी उलट्या दराने थेट ५१,६४६.००.

मार्क ते लिरा थेट जायचं नाही, मधे युरो. तो मधला आकडा गोल करायचाच असेल तर किमान तीन दशांश ठेवायचे. सगळ्यात जास्त चूक इथे होते, कारण सॉफ्टवेअरला युरो दिसला की ते दोन दशांशांवर कापतं.

५०,००० लिरांचे मार्क काढा. ५०,००० ÷ १,९३६.२७ = २५.८२२८… तीन दशांश ठेवून २५.८२३ × १.९५५८३ = ५०.५०५४, म्हणजे ५०.५१ मार्क. मधेच २५.८२ केलंत तर ५०.४९९५, म्हणजे ५०.५०. एका पावतीत एक फेनिग (मार्काचा शंभरावा भाग). दिवसाला हजारो पावत्या असल्या की महिनाअखेरीस खातं जुळत नाही आणि कारकून रात्रभर फरक शोधत बसतो.

शेवटचा आकडा जवळच्या सेंटला, नेमका अर्धा असेल तर वर. लिरात दशांश वापरात नव्हते, तेव्हा पूर्ण लिराला.

---

नदीकाठ

विद्यापीठातल्या मुलांसाठी आणखी एक सापळा लिहून ठेवते. आंतरराष्ट्रीय तक्त्यांमध्ये १९८५ ची इटलीची आकडेवारी ‘युरोत’ दिसते. तेव्हा युरो नव्हता. तिथे बहुतेक वेळा लिराला १,९३६.२७ ने भागलेलं असतं आणि जर्मनीच्या मार्काला १.९५५८३ ने. एकाच देशाची वाढ बघायला हे ठीक, कारण स्थिर संख्येने भागल्याने टक्के बदलत नाहीत. पण दोन देश शेजारी ठेवले की घात होतो.

१९८५ ची सरासरी मार्काला सुमारे ६५० लिरा. १० लाख लिरांचा पगार ‘इटालियन युरोत’ ५१६.४६ दिसतो. तोच त्या वेळच्या भावाने मार्कात नेला तर १,५३८ मार्क, म्हणजे ‘जर्मन युरोत’ ७८६.६०. तक्ता बघून इटालियन कामगार होता त्यापेक्षा एक तृतीयांश गरीब वाटतो.

उपाय: दोन्ही आकडे आधी मूळ चलनात परत न्या (त्याच दराने गुणून), मग त्या वर्षाच्या बाजारभावाने एकात आणा. तळटिपेत ‘स्थिर दराने’ असं काही लिहिलंय का ते आधी बघा.

१९९९ पूर्वीच्या युरो-डॉलर आलेखांचंही तेच. काही जण मागे एक्यू जोडतात, काही मार्क भागिले १.९५५८३. एक्यूच्या टोपलीत पौंड, डॅनिश क्रोन आणि ड्राख्माही होते. १९९१ मध्ये एक्यूला सुमारे २.०५ मार्क पडत, १९९५ मध्ये सुमारे १.८७. त्यामुळे दोन आलेख जुळत नाहीत, आणि जुळायला नकोतच.

---

तिरका_बाण

इथे कोणी इटलीत कर भरत असेल तर त्याला १,९३६.२७ रोज भेटत असणार. तिथल्या कायद्यात अवलंबून नातेवाइकाची उत्पन्नमर्यादा २,८४०.५१ युरो अशी विचित्र आहे. वैद्यकीय खर्चातली करसवलत न मिळणारी पहिली रक्कम १२९.११. कर्मचाऱ्याला वस्तुरूपाने देण्याची जुनी मर्यादा २५८.२३. लिरात करून बघा: ५५ लाख, अडीच लाख, पाच लाख. कुठल्याही इटालियन कायद्यात असा अडनिडा आकडा दिसला की १,९३६.२७ ने गुणायचं, गोल रक्कम निघाली की कलम २००२ च्या आधीचं.

---

अर्धविराम

कामाचा प्रश्न: घरात जुन्या नोटा सापडल्या तर आज काय मिळतं? दोन्ही देशांचे नियम वेगळे आहेत असं ऐकलंय.

---

राईनकाठ

पूर्ण उलट आहेत.

मार्क: बुंडेसबँक नोटा आणि नाणी दोन्ही बदलून देते, मुदत नाही, शुल्क नाही, दर १.९५५८३. १०० मार्काचे ५१.१३ युरो. शाखेत जाऊन किंवा टपालाने. टपालाचं काम माइन्त्सची शाखा बघते: तिचा अर्ज छापून भरायचा, सही करायची, खात्याचा तपशील द्यायचा. पाकीट वाटेत हरवलं तर जोखीम पाठवणाऱ्याची, म्हणून विमा उतरवलेलं टपाल वापरा. भारतातून एकदोन नोटांसाठी हे परवडत नाही. जर्मनीत राहणारं कोणी असेल तर त्यांच्या हाती देणं बरं. फाटक्या नोटेचा अर्ध्याहून मोठा भाग हवा. पूर्व जर्मनीचा मार्क आणि १९४८ पूर्वीचा राइशमार्क यांना काहीही मिळत नाही, आणि नेमके तेच जास्त सापडतात.

लिरा: काही मिळत नाही. मुदत फेब्रुवारी २०१२ अखेरची होती, पण मोंती सरकारने ६ डिसेंबर २०११ च्या वटहुकुमाने ती तडकाफडकी संपवली. २०१५ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. त्यावर जानेवारी २०१६ मध्ये वाट उघडली ती फक्त त्यांच्यासाठी, ज्यांनी ६ डिसेंबर २०११ ते २८ फेब्रुवारी २०१२ दरम्यान बदलून मागितल्याचा लेखी पुरावा होता. ‘लिरा पुन्हा बदलून मिळणार’ असे निरोप दर वर्षी फिरतात, त्यावर प्रवासखर्च करू नका.

---

मोडीवाचक

गोव्याच्या वाचकांसाठी एक जोड: पोर्तुगीज एस्कुदोच्या नोटांची मुदत २८ फेब्रुवारी २०२२ ला संपली. आणि गोव्यातल्या पेट्यांतून निघतात त्या नोटा बहुधा बांको नासियोनाल उल्त्रामारिनोच्या, पोर्तुगीज इंडियासाठी काढलेल्या. त्या बांको द पोर्तुगालच्या नव्हेतच, तिकडे नेण्यात अर्थ नव्हता. त्यांचा भाव संग्राहक देतील तो.

---

नदीकाठ

मार्क बदलायला देण्याआधी नाण्यांवरची सालं बघून घ्या. १९५१ ते १९७४ सालांची ५ मार्काची चलनी नाणी चांदीची आहेत: वजन ११.२ ग्रॅम, चांदी हजारी ६२५, म्हणजे शुद्ध ७ ग्रॅम. बँक त्याचे २.५६ युरो देईल, सराफाकडे चांदीच्या भावाने त्याहून कितीतरी जास्त. १९७५ पासूनच्या चलनी नाण्यांत चांदी नाही, ५ मार्काच्या स्मारक नाण्यांत मात्र १९७९ पर्यंत आहे. लिराचंही तसंच: तीन जहाजांचं जुनं ५०० लिरांचं नाणं ११ ग्रॅमचं, हजारी ८३५. चलन म्हणून शून्य, पण आत ९ ग्रॅमहून थोडी जास्त चांदी. मधे पितळी आणि भोवती पांढरा धातू असलेलं दुरंगी ५०० हे नंतरचं, त्यात काही नाही.

---

अर्धविराम

चकचकीत करून नेली तर चालतील का?

---

नदीकाठ

अजिबात घासू नका. चांदीच्या भावाने विकायची असतील तर काळी पडलेली चालतात, वजन तेच राहतं. आणि एखादं दुर्मीळ सालाचं निघालं, तर घासलेल्या नाण्याला संग्राहक निम्मीही किंमत देत नाहीत. विकायला काढण्याआधी साल आणि टांकसाळीचं अक्षर (डी, एफ, जी, जे) कागदावर लिहून यादी करा. १९५८ चं ‘जे’ अक्षराचं ५ मार्काचं नाणं निघालं तर ते सराफाकडे नेऊच नका, नाण्यांच्या लिलावात विचारा.